पाहुणे काय म्हणाले

तो अर्ज मी टाइप केला. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला बोल लावायला नको.

कोर्टाच्या मागच्या फाटकासमोर आमचं दहा बाय आठचं दुकान आहे. अर्ध्या भागात माझं टायपिंगचं टेबल, अर्ध्या भागात ताईचं झेरॉक्सचं मशीन. ताई माझी बहीण नव्हे. माझ्यापेक्षा ती चांगली अठरा वर्षांनी लहान आहे, पण शिपायापासून वकिलापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती मला काका म्हणते. एकोणीस वर्षं आम्ही एका पंख्याखाली बसतोय आणि त्याचं तोंड कोणाकडे असावं यावरून तेवढीच वर्षं भांडतोय. कागदाच्या बाबतीत बाई कमालीची काटेकोर. मूळ कागदावर चहाचा डाग असेल तर तो प्रतीवरही दिसला पाहिजे, नाहीतर पान फाडून पुन्हा काढते. आणि हीच बाई अठरा वर्षं आपल्या सख्ख्या भावाला धडधडीत खोटं सांगत आली होती.

तिचा भाऊ तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आम्ही त्याला धाकटा म्हणतो. जन्मापासून ठार बहिरा. बोलतो ते हातांनी. आईवडील लवकर गेले, तेव्हा जगाचं बोलणं त्याला हातांनी सांगायचं आणि त्याच्या हातांचं बोलणं जगाला तोंडाने सांगायचं, हे काम ताईच्या अंगावर पडलं ते पडलंच. दवाखाना, शाळा, बँक, सगळीकडे ही मध्ये उभी. तो दुकानात येऊन बसायचा म्हणून मलाही ती भाषा कळायला लागली. बोलताना मात्र माझी बोटं अडखळतात आणि तो पोट धरून हसतो.

हा गडी चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत धावतो. वाटेत दहा हर्डल, आणि सुरुवातीला बंदुकीच्या आवाजाऐवजी पायाशी ठेवलेला दिवा: लाल, पिवळा, हिरवा. बहिऱ्या खेळाडूंमध्ये देशात त्याच्या तोडीचा दुसरा नाही, हे मी कौतुकाने नाही, निकाल वाचून सांगतोय.

जिंकला की सत्कार आला आणि सत्कार आला की पाहुणा आला. पहिला सत्कार झाला तेव्हा धाकटा तेरा वर्षांचा होता. पाहुणा कोणी बांधकामाचा ठेकेदार. "देवाने बिचाऱ्याचे कान काढून घेतले, पण बघा, पाय दिले," एवढं बोलून तो पाऊण तास स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलला. धाकटा ताईकडे टक लावून बघत होता, काय म्हणाले, काय म्हणाले? ताईचे हात क्षणभर तसेच राहिले. मग तिने सांगितलं, "म्हणतायत, दिवा हिरवा झाल्यावर तुझ्याइतक्या पटकन कोणीच उठत नाही." त्याचा चेहरा असा काही फुलला की त्यानंतर खरं सांगायचा तिला धीरच झाला नाही.

मी तिथेच होतो. भाषण पाऊण तासाचं आणि हिचे हात हलले जेमतेम दोन मिनिटं, मला काय डोळे नाहीत? बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, हे काय चाललंय तुझं?"

"मग काय सांगू काका? बिचारा म्हणाले, असं सांगू?"

मी गप्प बसलो. माझी पहिली चूक ती.

पुढे प्रकरण वाढत गेलं. रोज सकाळी ताई त्याच्याबरोबर मैदानावर जायची, हर्डल मांडायची, हातात घड्याळ धरून उभी राहायची. बघून बघून तिची नजर तयार झाली. दोन हर्डलच्या मध्ये पंधरा पावलं पडली तर दर वेळी तोच पाय पुढे येतो, सोळा पडली तर दुसरा. धाकट्याचा उजवा पाय पक्का, डावा पुढे आला की बिचकायचा. म्हणून दमल्यावरही तो ओढूनताणून पंधराच टाकायचा आणि आठव्या हर्डलपाशी त्याची फरफट व्हायची. ताईने हे त्याला सांगितलं. धाकट्या साहेबांनी हात झटकला, "तू झेरॉक्स काढ."

पुढच्याच आठवड्यात एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या हस्ते सत्कार होता. अधिकारी बोलले शिस्तीवर. ताईने हातांनी सांगितलं, "साहेब म्हणतायत, डावा पाय तयार कर. सहाव्या हर्डलपासूनच सोळा पावलं टाक, म्हणजे शेवटी दम उरेल." दुसऱ्या दिवशी सकाळी पठ्ठ्या डाव्या पायावर उड्या मारत होता. त्या मोसमात त्याची वेळ सव्वा सेकंदाने खाली आली.

मग काय, आमच्याकडचे पाहुणे एकाहून एक जाणकार निघाले. साबणाच्या एजन्सीवाल्याने त्याला हात अंगाजवळ ठेवायला सांगितलं. एका दंतवैद्याने शेवटच्या वळणावर मान टाकू नकोस म्हणून बजावलं. प्रत्यक्षात एजन्सीवाला एवढंच म्हणाला होता की अशा मुलांना बघून मला रडू येतं, आणि दंतवैद्याने त्याला पोहणारा समजून पाण्यावर भाषण ठोकलं होतं. धाकटा सगळं मनापासून ऐकायचा, म्हणजे बघायचा, आणि सकाळी तसंच करायचा. त्याला ओठ वाचून काही कळलं नसेल का, असं तुम्ही विचाराल. पाहुणा लोकांकडे तोंड करून बोलतो आणि सत्कारमूर्ती त्याच्या पाठीमागे खुर्चीत बसलेली असते. पेपरात फोटो येतो, भाषण कोण छापतं?

या वर्षी तो बहिऱ्यांच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आला. शहराने ठरवलं, यंदा सगळ्या खेळाडूंचा जाहीर सत्कार एकाच मंचावर करायचा. एरवी धाकट्यासारख्यांचा कार्यक्रम वेगळा, छोट्या खोलीत, दुपारी. आता मोठं सभागृह, सातशे माणसं. धाकटा हवेत होता. एक दिवस ताई कोर्टात कागद द्यायला गेली असताना तो माझ्यासमोर बसला आणि हाताने लिहिलेला मजकूर पुढे सरकवला. त्यात होतं: "माझी बहीण प्रत्येक सत्काराला उभी राहून मला भाषण सांगते. तिने माझा एकही सत्कार बसून पाहिलेला नाही. या वेळी प्रशिक्षित दुभाषी मिळावा, म्हणजे तिला पहिल्या रांगेत बसून नुसतं बघता येईल."

मला भरून आलं. मी अर्ज सुबक टाइप केला, समास नीट सोडला, वर नगरपालिकेतल्या ओळखीच्या कारकुनाला फोन करून तो लवकर पुढे सरकवायला सांगितलं. माझी अक्कल त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मीच ते ताईला मोठ्या आनंदाने वाचून दाखवलं. ती मशीनमधून गरम कागद काढत होती. ते कागद तिच्या हातातून निसटून पसरले आणि तिने ते उचललेही नाहीत.

"काका," ती म्हणाली, "ती दुभाषी बाई सगळं खरं सांगेल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. संध्याकाळी धाकटा आला आणि त्याने ताईला आपलं उत्तराचं भाषण दाखवलं. त्यात तो निवृत्त अधिकाऱ्यांचे आभार मानणार होता, डाव्या पायासाठी. एजन्सीवाल्यांचे, हातांसाठी. दंतवैद्यांचे, मानेसाठी. "ते सगळे सभागृहात असतील ना?" त्याने विचारलं. "मी त्यांना उभं राहायला सांगणार आहे." सातशे माणसांसमोर हा एका दंतवैद्याला धावण्याच्या धड्याबद्दल धन्यवाद देणार आणि दंतवैद्य 'कोण मी?' म्हणून इकडेतिकडे बघणार. लोक हसणार. आणि तो हशा त्याला ऐकू येणार नसला तरी दिसणार. ताईचा जीव त्या क्षणापासून टांगणीला लागला.

पुढचे आठ दिवस आमच्या दुकानातून जेवढ्या चुकीच्या प्रती गेल्या तेवढ्या एकोणीस वर्षांत गेल्या नसतील. एका वकिलाला तिने खरेदीखताची मागची बाजू कोरीच दिली. दुसऱ्याच्या कागदावर 'सत्यप्रत'चा शिक्का उलटा मारला. वकील चिडला, तर त्याच्याकडे ती अशी बघत राहिली की त्यालाच अपराधी वाटलं.

"सांगून टाक," मी रोज म्हणायचो.

"आज सांगते," ती रोज म्हणायची.

रविवारी मला वाटलं होतं ती सांगेलच. सोमवारी आल्या आल्या विचारलं, तर म्हणाली, "काका, हर्डल मांडून झाल्यावर मी त्याला थांबवलं. हात वर केले. तेवढ्यात तोच म्हणाला, 'ताई, मला शाळेत वाटायचं बहिऱ्यांची शर्यत कोणी बघतच नाही. पण बघतात गं लोक. एवढी मोठी माणसं, पण माझी पावलं मोजतात.' आता यावर मी काय बोलणार होते?"

तिने दुसरे मार्ग शोधले. नगरपालिकेत जाऊन दुभाषी रद्द होईल का ते विचारून आली. कारकून म्हणाला, "अहो ताई, तुमच्याच भावाने मागितलाय, आणि आता तर पत्रिकेतही छापलंय." मग तिने अर्धं पान मजकूर लिहिला. धाकटा कसा धावतो, कुठे वेळ वाचवतो, जागतिक स्पर्धेत नवव्या हर्डलनंतर त्याने दोघांना कसं गाठलं, सगळं सोप्या भाषेत. मी तो मोठ्या अक्षरात टाइप केला आणि आम्ही दोघं तो घेऊन प्रमुख पाहुण्यांच्या कचेरीत गेलो. ते फरशीच्या कारखान्याचे मालक. त्यांच्या सेक्रेटरीने कागद घेतला, "साहेबांना देते," म्हणाली आणि फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवला. बाहेर येताना ताईने तीनदा मागे वळून त्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"वाचतील ना हो ते?"

"न वाचायला काय झालं? आयतं भाषण मिळतंय," मी म्हटलं. मला स्वतःलाही ते पटलं नव्हतं.

सत्काराचा दिवस उजाडला. ताई पहिल्या रांगेत, शेजारी मी. ताईला बसायची सवयच नव्हती. सारखी खुर्चीच्या टोकाला येत होती. आमच्या मागच्या रांगेत निवृत्त अधिकारी, दंतवैद्य आणि एजन्सीवाले ओळीने बसलेले, जणू कोणी मुद्दाम मांडून ठेवलेले. मंचावर सहा खेळाडू. धाकटा इस्त्रीच्या कोटात, खिशात भाषणाची घडी. त्याच्यासमोर, मंचाच्या कडेला चांगला उजेड पडेल अशा ठिकाणी दुभाषी बाई उभी राहिली. साधा काळा सदरा, हातात बांगडी नाही की अंगठी नाही. धाकट्याने तिला बघून ताईकडे बोट केलं आणि खूण केली, "आरामात बस!" ताई हसली.

प्रमुख पाहुणे उठले. त्यांनी खिशातून कागद काढला. तो आमचाच होता; मोठी अक्षरं मला दुरून ओळखता आली. ताईने माझा दंड धरला. पाहुण्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ मनातल्या मनात वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "लिहिलेलं काय वाचायचं? मी आपलं मनातलं बोलतो."

आणि बोलले. धडधाकट खेळाडूंची वेळ, पदक, प्रशिक्षक सगळं व्यवस्थित बोलले. मग धाकट्याकडे वळून त्यांचा आवाज ओला झाला. "आणि हा बिचारा. याला टाळ्यासुद्धा ऐकू येत नाहीत. कुठे पळायचं, कधी थांबायचं, याला कोण सांगत असेल? तरी पळतो. याला बघितलं की वाटतं, आपण किती सुखी आहोत. पदक महत्त्वाचं नाही हो, याने भाग घेतला हेच मोठं."

दुभाषी बाईचे हात एक शब्दही गाळत नव्हते. तिचं काम चोख होतं, मला तिचा राग यायचं कारण नव्हतं, तरी आला. धाकटा पहिल्यांदा गोंधळला. तिने काही चुकीचं सांगितलं असावं असं वाटून त्याने तिला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. त्याने सभागृहाकडे पाहिलं. लोक डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. मग त्याने ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली. लहानपणापासून एकमेकांचे चेहरे वाचणारी माणसं ती, त्याला आणखी काय सांगावं लागणार होतं?

त्याचं नाव पुकारलं. तो माइकजवळ गेला, बाई त्याच्या बाजूला आली. खिशातली घडी त्याने बाहेर काढली, बघितली आणि परत ठेवली. मी देवाचा धावा करत होतो की हा नुसता धन्यवाद म्हणून खाली येऊ दे. त्याने हात उचलले आणि बाईच्या तोंडून त्याचं बोलणं सभागृहात आलं. त्याचं बोलणं आम्ही आजवर ताईच्याच आवाजात ऐकलं होतं, मऊ, मागेपुढे आर्जव लावलेलं. हे तसं नव्हतं.

"मी चारशे मीटर धावतो. वाटेत दहा अडथळे असतात. मी जगात तिसरा आलो. नुसता भाग घेतला नाही, तिसरा आलो." त्याने हात समोरच्या रांगांकडे वळवला. "इथे कोणी मैदानावर येऊन माझी एक तरी शर्यत पाहिली आहे का? असेल तर हात वर करा."

प्रमुख पाहुण्यांचा हात थोडा उठला आणि केसांवरून फिरून खाली आला. मागे अधिकारी खाकरले. आणि मी? मैदान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. अठरा वर्षं मी निकाल वाचले, सत्कारांना मिरवलो, पाहुण्यांना नावं ठेवली. शर्यत एकही पाहिली नव्हती. माझा हात गुडघ्यावरच राहिला. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ताईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बऱ्याच वेळाने त्यातला एक निघाला आणि जेमतेम कानापर्यंत वर गेला. धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

"एक," बाईच्या तोंडून तो म्हणाला. "धन्यवाद." आणि मंचाच्या पायऱ्या उतरून बाजूच्या दाराने निघून गेला.

आम्ही त्याच्यामागे धावलो. सभागृहाच्या मागे सायकली लावायची जागा आहे, तिथे तो येरझारा घालत होता. मी चार हात दूर थांबलो, पण त्यांचे हात मला स्पष्ट दिसत होते.

"डावा पाय? अधिकाऱ्यांनी सांगितलं नव्हतं?"

ताईने मान हलवली. नाही.

"मान टाकू नको? हात जवळ ठेव? सगळं तू?"

"तू माझं ऐकत नव्हतास."

"मी त्यांना उभं करणार होतो! सगळ्यांसमोर!" त्याचे हात एकमेकांवर आपटत होते. "मूर्ख बनवलंस मला. मला वाटायचं लोक बघतात. मी त्यांच्यासाठी धावायचो. मला खूप राग आलाय, लवकर जाणार नाही तो."

"नको जाऊ दे," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात स्थिर होते. "चुकलंच माझं. आठ दिवस सांगायचा प्रयत्न करत होते."

तो एका सायकलच्या कॅरिअरवर टेकला. सभागृहात पुढच्या खेळाडूसाठी टाळ्या वाजत होत्या. त्या त्याला ऐकू येणार नव्हत्या; आम्हा दोघांना मात्र ऐकू येत होत्या. मग त्याने मान वर केली. आता त्याचे हात सावकाश चालत होते.

"आज तो जे म्हणाला, तसंच म्हणतात सगळे? नेहमी?"

"हो."

"पहिल्या सत्कारापासून?"

"हो."

"बिचारा म्हणतात?"

ताईने मनगटाने डोळे पुसले. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थांबल्यासारखा झाला.

"अठरा वर्षं," त्याने विचारलं, "हे सगळं तू एकटीनेच ऐकलंस?"

ती काहीतरी सांगायला गेली. त्याने उठून तिचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले, आणि मग तिला काही बोलताच येईना.